मसनवाटा पार्टीची पहिली रेकॉर्ड

आमच्या घरमालकांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेन नसायचं, स्क्रूड्रायव्हर असायचा. चांगला दीड वीत लांब, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं, ही त्यांची तपासणी. आतलं बेअरिंग रडतंय की नुसतं कुरकुरतंय, हे त्यांना त्यातून कळायचं. कारंजातल्या एका जुन्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, ते वाफेच्या इंजिनावर फिटर होते. सगळं गाव त्यांना मिस्तरी म्हणायचं. मीही तेच म्हणते.

यंत्रापुरतं असतं तर ठीक होतं. पण मिस्तरी तो स्क्रूड्रायव्हर कुठंही टेकवत. पिठाच्या गिरणीला, मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीच्या डब्याला, पाण्याच्या रांजणाला. एकदा खोकला झाला म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तशी यांनी खिशातून आपलं हत्यार काढून डॉक्टरांच्या छातीला लावलं.

"माह्यं तुमी आयका, तुमचं मी आयकतो," म्हणाले. मग जरा थांबून, गंभीरपणे, "डाक्टरसाहेब, तुमचा एक वाल लूज वाटून राह्यला."

डॉक्टर त्यानंतर अकोल्याला जाऊन स्वतःच्या हृदयाच्या व्हॉल्व्हची तपासणी करून आले म्हणतात. त्यात काही निघालं नाही. पण मिस्तरींना त्यांनी पुन्हा दवाखान्यात घेतलं नाही, औषध खिडकीतून दिलं.

आणि तो कोट! काळा, वकिलाचा. वाशीमच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात त्यांना तो सापडला होता. वैशाखात अंगाची लाही होत असताना मिस्तरी काळा कोट घालून सायकलवरून कामावर निघायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "काळ्यावर आइलचा डाग दिसत नाई." त्यात डोळ्यांभोवती बॉयलरची काजळी कायमची बसलेली. अनोळखी माणूस समोरून आला की आपोआप रस्त्याच्या कडेला व्हायचा.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. किन्हीराजा गावची मुलगी, डी.एड. झालेली, आमच्या घराण्यातली पहिली पगारदार. कारंजाच्या एका मुलींच्या शाळेत तात्पुरती नेमणूक मिळाली होती. कायम व्हायचं बाकी होतं. तेव्हा वाशीम जिल्हाही व्हायचा होता, आमचा सगळा कारभार अकोल्याहून चाले. खोली शोधायला बाबा बरोबर आले. ज्या घरी जावं तिथं आधी आडनाव विचारत. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असे. एका दुपारी तीन घरांतल्या तीन खोल्या कालच गेल्या.

चौथं घर मिस्तरींचं. आत गेल्यावर भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो दिसला आणि बाबांनी टोपी काढून वारा घेतला. मिस्तरींनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं, "बाई, तुमाले आवाजाचा तरास होते काय?"

"कसल्या आवाजाचा?"

"कसल्याबी."

"नाही होत."

"मंग ठीक. राहा."

बाबा परतीच्या एसटीत बसेपर्यंत मला तीनदा म्हणाले, "माणूस चांगला हाय, पण जरा दूरच राहाय."

दूर राहणं जमलं नाही. त्याला कारण पाल.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी मी वह्या तपासत होते आणि छताच्या बल्लीवरून पाल थेट माझ्या मानेवर पडली. मी ओरडले. कशी ओरडले ते मला सांगता येणार नाही, कारण पाल सोडून माझं कशाकडेच लक्ष नव्हतं. मिस्तरींच्या बायको, मी त्यांना मावशी म्हणे, झाडू घेऊन धावत आल्या. त्यांनी मुकाट्यानं पाल बाहेर काढली आणि मुकाट्यानं निघून गेल्या. मावशी फार बोलत नसत. मिस्तरी मात्र दारात उभे होते, डोळे मिटून.

"बाई," ते म्हणाले, "आणखी एक डाव."

"अहो मिस्तरी, पाल होती!"

"पालीचं राहू द्या. तो आवाज वर गेला, तिथं फुटला, आन मंग बारीक होऊन खाली आला. तसा पुन्हा काढता येते काय?"

असा माझा मसनवाटा पार्टीत प्रवेश झाला.

मसनवाटा म्हणजे आमच्याकडे स्मशानाची जागा. आणि पार्टी म्हणजे गाणाऱ्यांची मंडळी. जयंतीला, लग्नाला गाणाऱ्या पार्ट्या तेव्हा गावोगावी होत्या. मिस्तरीही तरुणपणी एका पार्टीत गात. छप्पन साली ते नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि देव, अंगारे, भूत, भानामती, सगळं एका दिवसात सोडलं. देवांचं काही वाटलं नाही, म्हणायचे, त्यांना देवळं आहेत. पण भुतांची त्यांना काळजी लागली.

"आपुन भेलो नाई त त्या बिचाऱ्याईनं करावं काय? बेकारच झाले की ते. त्याईले कायतरी काम द्याव लागते."

म्हणून त्यांनी भुतांवर गाणी रचली. भ्यायची नव्हे, भुतांच्या अडचणींची. पहिलं गाणं असं होतं:

पिपयावरचं भूत गेलं नोकरीच्या हापिसात,
सायब म्हने, मेल्याचा दाखला हाय का खिशात?
भूत म्हने, खिसा नाई, सदरा नाई, आंग नाई,
सायब म्हने, तरीबी तुह्यी रांगंत जागा नाई!

दुसरं गाणं हडळीचं. हडळीचे पाय उलटे असतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तर ही हडळ सरकारी नळावर पाण्याच्या रांगेत उभी आहे:

पाय माहे उलटे बाई, नंबर जाते मांगं,
जितकी मी पुढं चालो, तितकी जातो मांगं!

आणि हे ऐकवायचं कशावर, तर इंजिनावर. पेटी नाही, तबला नाही. कारखान्यातलं ते वाफेचं जुनं धूड हाच त्यांचा ताल. त्याचं चाक माझ्या दुप्पट उंचीचं. चार ठोके सरळ द्यायचं आणि पाचव्याला खोकायचं. वाल झिजला होता. शेठ दरवर्षी सांगायचे, मिस्तरी, तेवढी खोक काढा. मिस्तरी दरवर्षी हो म्हणायचे आणि काढायचे नाहीत. "ते त्याची सम हाय," मला सांगायचे. त्या ठोक्यांवर ते एका हातानं रिकाम्या ऑइलच्या पिंपावर पाना मारत आणि खर्जात गात. साथीला बाजारातला एक शिंपी होता. तो बेंजो वाजवायचा, तोच टाइपरायटरसारख्या बटणांचा. शिंपी उत्तम वाजवायचा. पण त्याचा भुतांवर पक्का विश्वास होता. त्यामुळे 'भूत' शब्द आला की त्याचा हात आपोआप दुपटीनं पळायचा. मिस्तरींना ते फार आवडे. "भेव असल्याबिगर लय येत नाई," म्हणायचे.

रविवारी दुपारी बॉयलर बघायच्या निमित्तानं थोडी वाफ धरायची आणि इंजिनाच्या शेडमध्ये तालीम करायची. मी तिथं कशी जाऊ लागले, हे आज मलाही नवल वाटतं. दिवसभर शाळेत हळू आवाजात, पदर सांभाळून, शुद्ध बोलायचं; मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, माझ्या प्रत्येक 'न' आणि 'ण'वर लक्ष असायचं. आणि रविवारी इंजिनासमोर उभं राहून हडळीसारखं ओरडायचं. सोमवारी मला फार हलकं वाटायचं. माझी अट एकच होती: माझं नाव कुठंही येता कामा नये. मिस्तरींनी ती मान्य केली.

"हडळीचं नाव कोनाले मालूम असते?" म्हणाले.

मावशी यातल्या कशालाच आल्या नाहीत. मी परत आले की चुलीपुढून मान वर करून एवढंच विचारत, "झालं वरडून?" आणि भाकरी वाढत.

त्या वर्षी दिवाळीनंतर कळलं की इंजिन काढणार. विजेच्या मोटारी येणार होत्या. हंगाम संपला की इंजिनाचे तुकडे करून भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. मिस्तरींना मोटारीवर कामाला ठेवणार होते, त्यामुळे पोटाचा प्रश्न नव्हता. पण मिस्तरी जेवेनात. आठ दिवस त्यांनी गाणं काढलं नाही, पाना मारला नाही. नुसते इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून उभे.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "बाई, मानूस मेला त लोक म्हंतेत त्याचं भूत होते. आपुन मानत नाई, पन निदान लोक म्हंतेत. इंजिनाचं भूत कोनी म्हटलं काय कवा? ते मेलं का संपलंच. त्याचा आवाज कुठं जाईन?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"धरून ठेवाव लागते," ते म्हणाले. "रेकॉर्डवर."

मला वाटलं, बोलतील आणि विसरतील. पण पौषात एक गंमत झाली. मुंबईच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस, टेपचं मोठं यंत्र घेऊन, गावातल्या एका भजनी मंडळाचं गाणं टिपायला आला. मंडळाच्या दोन बुवांत रेकॉर्डवर कुणाचं नाव आधी यावं यावरून भांडण झालं आणि दोघंही आले नाहीत. तो बिचारा दोन दिवस सरकारी विश्रामगृहात कोरी टेप घेऊन बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मिस्तरी काळा कोट घालून त्याच्या दारात उभे राहिले. त्या माणसानं मला नंतर सांगितलं की आधी त्याला वाटलं, कोर्टाचं समन्स आलं.

त्यानं शेडमध्ये येऊन एक गाणं ऐकलं. कानावर हात ठेवले. मग काढले. म्हणाला, "मिस्तरी, पण हे संगीत नाही, हा कारखाना आहे."

"बराबर बोलले," मिस्तरी खूश होऊन म्हणाले. "तुमाले कान हायत."

तो हसला, आणि तिथंच फसला. कोरी टेप परत नेण्यापेक्षा भरलेली बरी, असाही विचार त्यानं केला असेल.

त्या दिवशी कारखाना चालूच होता. शेजारच्या सरकी काढणाऱ्या जिनांतून रुई उडून सगळीकडे पसरत होती. माइकवर रुई बसू नये म्हणून कंपनीच्या माणसानं त्याला स्वतःचा रुमाल बांधला. तासाभरात आम्ही सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालो. शिंप्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि नंतर अख्खं रेकॉर्डिंग भिंतीकडे तोंड करून वाजवलं. त्या दिवशी त्याची लय अशी काही पळाली, की इंजिन आणि तो यांच्यामध्ये मिस्तरींचा आवाज अडकित्त्यातल्या सुपारीसारखा वाटत होता.

चार गाण्यांपैकी तीन पहिल्या दमात झाली. हडळीच्या गाण्याला मात्र मी अडले. शेवटी गाणं थांबतं, नुसतं इंजिन चालतं, चार ठोके, खोक, चार ठोके, खोक, आणि मग हडळ ओरडते. पहिल्यांदा माझ्या घशातून आवाजच निघाला नाही. समोर परका माणूस आणि त्याचं ते फिरणारं चाक. दुसऱ्यांदा निघाला तो "गप्प बसा" अशा ओरडण्यासारखा. कंपनीचा माणूस म्हणाला, "बाई, ही हडळ शिक्षिका वाटते."

तिसऱ्या वेळी मिस्तरी शांतपणे माझ्या मागे येऊन उभे राहिले. चार ठोके झाले, खोक झाली. पुन्हा चार ठोके झाले. आणि खोकेबरोबर माझ्या मानेवर काहीतरी थंड, ओलं, लिबलिबीत पडलं.

तेलात भिजलेला कापसाचा बोळा होता तो. पण ते मला नंतर कळलं.

कंपनीच्या माणसानं टेप थांबवली, माइकचा रुमाल सोडला. मग त्यानं छापील अर्ज काढला. "पार्टीचं नाव?"

"मसनवाटा पार्टी."

"ते नाही छापणार. कारंजा संगीत पार्टी लिहितो. गाण्याचा प्रकार? भक्तिगीत, भावगीत, लोकगीत, लावणी. यातलं एक सांगा."

"भुताची गानी."

"तसा रकाना नाही."

मिस्तरींनी क्षणभर विचार केला. त्यांच्या काजळी डोळ्यांत एक खोडकर चमक आली. "भूत म्हंजे मेलेला मानूस. बराबर? लोक म्हंतेत मेलेला मानूस देवाघरी गेला. बराबर? मंग देवाघरच्या मानसाचं गानं, ते काय लावनी असन?"

माणसानं लिहिलं: भक्तिगीत.

हंगाम संपला. इंजिन विझवलं. ज्या दिवशी भंगारवाले कटर घेऊन आले, त्या दिवशी मिस्तरी कामावर गेले नाहीत. मावशी म्हणाल्या, दिवसभर कापूस पिंजत बसले होते घरात, कानात घालायला.

रेकॉर्डी आल्या त्या पावसाळ्यानंतर, लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून. छोट्या, काळ्या, चार गाण्यांच्या. मधल्या लाल कागदावर 'भक्तिगीते' असं सुबक अक्षरांत. माझं नाव नव्हतं. मिस्तरींनी एक रेकॉर्ड हातात धरली, कोटाच्या बाहीला पुसली, मग तिला कान लावला. नुसता कान, बाजावर, म्हणजे ग्रामोफोनवर, न लावता.

"हाय," ते म्हणाले. "आत हाय."

खोक्यातल्या दोन-तीन रेकॉर्डी त्यांनी ओळखीच्यांना दिल्या. त्यातली एक बाजारातल्या लाउडस्पीकरवाल्याला. त्यानं वरचा कागद वाचला आणि भक्तिगीतांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. वाजवून पाहायची तसदी घेतली नाही.

आता आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन. अकोल्याहून शिक्षणाधिकारी आलेले. त्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन होणार. मोठ्या बाई नऊवारी नेसून. माझ्या वर्गाच्या त्रेचाळीस मुली मी ओळीत बसवलेल्या, वेण्या, रिबिनी, सगळं चोख. मोठ्या बाईंनी लाउडस्पीकरवाल्याला खूण केली, दिवा लावताना एखादं छानसं भक्तिगीत लावा.

पहिले ठोके आले तेव्हा साहेबांना वाटलं, जनरेटर बिघडला. त्यांनी खुर्ची जरा बाजूला सरकवली. खोक आली तेव्हा एका बाईंनी त्यांना पाणी नेऊन दिलं. मी ओळखलं होतं. लाउडस्पीकरवाल्याकडे धावत जावं तर मधे सगळी शाळा बसलेली, आणि धावले तर कबूलच केल्यासारखं. त्यात त्या भल्या माणसानं हडळीचीच बाजू लावली होती.

"पाय माहे उलटे बाई, नंबर जाते मांगं," मिस्तरींचा खर्ज मैदानभर घुमला. मागच्या रांगेतले पालक खो खो हसायला लागले. साहेब पेटलेली काडी हातात धरून उभे. मोठ्या बाई लाउडस्पीकरवाल्याकडे हातवारे करत होत्या. त्याला वाटलं, आवाज वाढव म्हणतायत. त्यानं वाढवला.

चार ठोके. खोक. चार ठोके. खोक.

मग मी सगळ्या कारंजावर ओरडले.

साहेबांच्या हातातली काडी विझली. कडुनिंबावरचे सगळे कावळे उठले. आणि माझ्या त्रेचाळीस मुलींनी एकाच वेळी, जशी मी कवायतीत शिकवली होती तशी, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मागच्याच महिन्यात वर्गात खडूच्या पेटीतून झुरळ निघालं होतं. त्यांना तो आवाज तोंडपाठ होता.

मोठ्या बाईंनी मुलींकडे पाहिलं. मग मुली कुठं पाहतायत ते पाहिलं.

सोमवारी अकरा वाजता कचेरीत हजर राहावं, अशी चिठ्ठी आली. साहेबांनी अहवाल मागितला होता: ही बाई कोण? तात्पुरत्या नेमणुकीला काढून टाकायला एक ओळ पुरते. बाबांना काय सांगणार होते मी? शाळेतून काढलं, कारण मी हडळ होते? रविवारी मी मिस्तरींना चिठ्ठी दाखवली. मावशींनी ती चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, दोनदा, आणि चुलीवरचं दूध उतरवलं.

सोमवारी मी कचेरीत उभी होते. मोठ्या बाई समोर, शिपाई दारात. तेवढ्यात काळा कोट आत आला आणि मागून मावशी, डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी.

"मोठ्या बाई," मिस्तरी म्हणाले, "तो आवाज माहा हाय. ह्या बाईचा काई संबंध नाई."

"तुमचा? बायकी आवाज होता तो."

"मी कलाकार हाओ जी."

"मग काढून दाखवा."

मिस्तरींनी छाती भरून घेतली आणि ओरडले. बोकड कापताना ओरडतो तसा काहीतरी आवाज आला. शिपाई तोंडावर हात धरून भिंतीकडे वळला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी खोकल्याची उबळ आली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोठ्या बाई थंडपणे म्हणाल्या, "मिस्तरी, बसा. पाणी प्या. खोटं बोलू नका." आणि त्यांनी टाक उचलला.

"थांबा जी," मावशी म्हणाल्या.

त्या एवढा वेळ आहेत हेच आम्ही विसरलो होतो.

"त्याईचा नाई आन ह्या पोरीचाबी नाई. ते हडळ मी हाओ."

"तुम्ही?"

मावशींनी भाजीची पिशवी टेबलावर ठेवली. पदर खोचला. डोळे मिटले. त्यांचे ओठ काहीतरी मोजत होते. आणि मग त्या ओरडल्या.

मी जे ओरडले होते ते भीतीनं. हे भीतीचं नव्हतं. तो आवाज खालून, अगदी जमिनीतून आल्यासारखा निघाला, वर गेला, तिथं थांबला, आणि मग काचेचा कंगोरा मोडावा तसा मोडून सावकाश, बारीक बारीक होत खाली आला. कचेरीच्या कपाटाची काच थरथरली. दौत कलंडली. वर्गावर्गांतली कुजबुज एकदम थांबली. दारातल्या शिपायाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं पळत जाऊन घंटा बडवायला सुरुवात केली. लांबलचक घंटा म्हणजे शाळा सुटली, हे मुलींना माहीत. सव्वाअकरा वाजता आमची अख्खी शाळा आनंदानं आरडाओरडा करत फाटकाबाहेर पडली.

मोठ्या बाईंनी शाई टिपली. कागदावर लिहिलं: सदर आवाज शिक्षिकेचा नसून तिच्या घरमालकिणीचा असल्याची समक्ष खात्री केली. सही केली. मिस्तरी आणि मावशी बाहेर पडल्यावर माझ्याकडे वर न पाहताच म्हणाल्या, "बाई, यापुढे वर्गात झुरळ निघालं तर शिपायाला हाक मारा." आणि मग अगदी हळू, "पण दोघींच्या ओरडण्यात मालकीणबाई उजव्या."

घरी जाताना मावशी पुढं, मी मधे, मिस्तरी मागे. ते चालता चालता थांबायचे, पुन्हा चालायचे. शेवटी त्यांनी मावशींना गाठलं.

"अवं, हे तू कवा शिकली?"

"तुमी तिकडं त्या बाईले शिकवत जा, तवा मी इकडं भाकरी टाकता टाकता करून पाहो. कुठं चुकते ते मले घरूनच समजे."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं काहून नाई?"

मिस्तरी मधेच रस्त्यात उभे राहिले. तीस वर्षं झाली होती लग्नाला. पेठेतली सगळी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

पुढच्या जूनमध्ये मी कायम झाले. आणखी दोन वर्षांनी वाशीमला बदली झाली, लग्न झालं. मिस्तरी मोटारींवर काम करत राहिले, पण त्यांना त्या आवडल्या नाहीत. "माशी हाय ते," म्हणायचे, "नुसती गुणगुण." त्यांचं खरं दुःख वेगळंच होतं. रेकॉर्ड चुकीची झाली होती. चुकीची बाई ओरडली होती. आणि पुन्हा करायची तर इंजिन राहिलं नव्हतं.

बदलीनंतर वर्षाभरानं एका दुपारी मी भेटायला गेले. मिस्तरी ओट्यावर बाजा घेऊन बसलेले, रेकॉर्ड फिरत होती. मी आत मावशींजवळ बसले. हडळीचं गाणं आलं. गाणं थांबलं, नुसतं इंजिन राहिलं, आणि माझी जागा यायच्या आत मिस्तरींनी सुई अलगद वर उचलली. सगळं शांत. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"अवं, देतं काय आज?"

मावशी कांदा चिरत राहिल्या.

"रोज असंच," त्या मला म्हणाल्या. "रोज उचलते, रोज इचारते. मी बोलत नाई. थोड्या येळानं पुन्हा ठेवते."

"मग एकदा द्या ना मावशी."

"इचारू त दे त्याले. तीस वर्सं नाई इचारलं."

बाहेर मिस्तरींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हळूच, निराश न होता, रोजच्या सवयीनं ते सुई खाली ठेवायला वाकले. मावशींनी चाकू खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटले, ओठांनी मोजलं, आणि दिला.

बाहेरून 'खर्रर' असा मोठा आवाज आला. मी धावत ओट्यावर गेले. सुई मिस्तरींच्या हातातून सुटून रेकॉर्डच्या या काठापासून थेट मधल्या लाल कागदापर्यंत ओरखडा पाडत गेली होती. शेजारपाजारची माणसं बाहेर आली होती. मिस्तरींनी रेकॉर्ड काढून उन्हात धरली. तो पांढरा ओरखडा त्यांनी नखानं एकदा वरून खालपर्यंत चाचपला.

"आता बराबर झाली," ते म्हणाले.